एकवीस वेळा दाबलेलं बटण

१

रविवारी सकाळी अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सिस्टरला आमच्या वृद्धनिवासातले कंट्रोलर त्यांच्या खोलीच्या दाराशी फरशीवर पडलेले सापडले. डावं मनगट मोडलं होतं, चेहरा उतरला होता, पण शुद्ध पूर्ण होती. सिस्टर त्यांचं डोकं मांडीवर घ्यायला वाकली, तर त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. "अकरा आठला पहिल्यांदा बटण दाबलं, मग दर दोन मिनिटांनी. एकवीस वेळा. होतीस कुठे पोरी?"

"टेबलाशीच होते आजोबा. भोंगा वाजलाच नाही हो!"

मी माझ्या खोलीच्या दारातून हे ऐकलं. दोघंही खरं बोलत असावीत असं वाटत होतं, आणि दोघांचं एकाच वेळी खरं कसं असेल ते काही समजत नव्हतं.

आमच्या निवासात आम्ही बावीस म्हातारे. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला एक बटण असतं. ते दाबलं की निरोप तारेशिवाय चादरींच्या खोलीतल्या संगणकाकडे जातो. तिथे एक सर्व्हर प्रोग्राम असतो. त्याचं काम एवढंच, की अष्टौप्रहर कान देऊन बसायचं आणि निरोप आला की सिस्टरच्या टेबलावरचा भोंगा वाजवून खोलीचा आकडा दाखवायचा. आम्ही त्याला घंटेवाला म्हणतो.

मॅनेजर धावत आले. कंट्रोलरांना खाटेवर ठेवलं, डॉक्टरांना फोन झाला, आणि मॅनेजर तडक चादरींच्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"घंटेवाला चालू आहे. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलंय. मी जास्तीचं बटण दाबूनही बघितलं. भोंगा वाजला, तुम्ही सगळ्यांनी ऐकलात."

ऐकला होता. मीही ऐकला होता.

दुपारी कंट्रोलरांचा मुलगा आला. तो ओरडणाऱ्यांतला नाही, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागलं. "माझे बाबा चाळीस मिनिटं फरशीवर पडून होते आणि या बाई दहा पावलांवर बसून होत्या. या इथे राहणार असतील तर बाबा राहणार नाहीत." बुधवारी चारला समितीची बैठक ठरली. सिस्टरला ठेवायचं की काढायचं, एवढाच विषय.

सिस्टर सहा वर्षं आमच्याकडे आहे. संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मला कमी ऐकू यायला लागलंय का हो?"

२

पस्तीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून इथेही सगळे मला बाईच म्हणतात. दोन मोजमापं जुळली नाहीत की मुलं लगेच शेजारच्या गटाला खोटं ठरवायची. मी म्हणायची, आधी उपकरण तपासा.

सोमवारी सकाळी मी सिस्टरसमोर बसले.

"साडेदहा ते पावणेबारा काय करत होतीस?"

"डब्या भरत होते. आठवड्याच्या गोळ्या."

"फोन?"

"स्वयंपाकघरात, चार्जिंगला."

"डुलकी?"

"बाई!"

"विचारावं लागतं."

"बावीस जणांच्या गोळ्या पुढ्यात घेऊन डुलकी काढीन मी? तुमचीच रक्तदाबाची चुकली असती म्हणजे?"

मी सगळ्या डब्या उघडून यादीशी ताडून पाहिल्या. एकही चूक नव्हती. जिथे अर्धी गोळी हवी तिथे अर्धीच होती, आणि तिची दुसरी अर्धी पुढच्या दिवसाच्या कप्प्यात. डोळे मिटलेल्या माणसाचं ते काम नव्हतं.

मग मॅनेजर. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि मनाने चांगले आहेत. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट संपलेली आवडते.

"बाई, यंत्र खोटं बोलत नाही."

"मी यंत्रांबरोबर पस्तीस वर्षं काढलीत. चांगली थापाडी असतात. शनिवारी वीज गेली होती ना?"

"वायरमनने मुख्य स्विच बदलला. एक ते चार वीस. पण त्याचा काय संबंध? वीज आली की संगणक आपोआप सुरू होतो आणि त्याच्याबरोबर घंटेवालाही. माझ्या भाचीने तसंच बसवून दिलंय. माझ्यासमोर चारदा तपासलं तिने. आणि नंतरही कधी वीज गेली तर मी सवडीने आत जाऊन बघतो. दोन वर्षांत एकदाही तो बंद सापडला नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

त्यांना ते प्रशस्तिपत्रक वाटत होतं. मला मात्र ते खटकलं. कधीच बिघडलेलं न सापडणारं उपकरण मी अजून पाहिलेलं नाही.

मी तक्रारवही मागून घेतली. 'बटण दाबलं, कोणी आलं नाही' अशा दोन वर्षांत नऊ तक्रारी होत्या. प्रत्येकीपुढे मॅनेजरांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विसराळूपणा'.

"म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच हो," ते म्हणाले, मग माझ्याकडे बघून घाईने, "म्हणजे, तुमचं नाही."

वीज गेल्या-आल्याच्या नोंदींची वही कार्यालयात असते. दोन्ही वह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. नऊच्या नऊ तक्रारी वीज गेल्याच्या दिवसाच्या किंवा त्या रात्रीच्या होत्या. वीज परत आल्यानंतरच्या. आणि त्यांतली एकही दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापलीकडे गेली नव्हती.

म्हणजे घंटेवाला वीज आल्यावर उठत नव्हता. आणि रात्र सरली की कसा कोण जाणे, उठत होता.

३

कंट्रोलर हे आम्ही ठेवलेलं नाव. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात गाड्यांना वाट देण्यात घालवली. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. रोज नाश्त्याला येऊन ते सांगतात, "वरची गाडी पन्नास मिनिटं लेट आहे." आमच्यापैकी कोणालाही ती गाडी पकडायची नसते, पण ऐकून बरं वाटतं. कोणीतरी लक्ष ठेवून आहे असं वाटतं.

गेल्या गुरुवारी दुपारी त्यांचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी आठवडाभर खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं.

मी चहा घेऊन त्यांच्या सात नंबरच्या खोलीत गेले. प्लास्टरमधला हात उशीवर होता, उशाशी त्यांचा साधा, बटणांचा फोन.

"काय म्हणतात गाड्या? आज कोण लेट?"

"मला काय माहीत!" ते एकदम तुटक म्हणाले. मग ओशाळून, "बसा बाई. त्या पोरीला काढू देऊ नका हो. मी रागात बोलून गेलो."

"मग मला एक सांगा. रविवारी तुम्ही उठून कुठे निघाला होतात?"

"बाथरूमला. आणखी कुठे?"

"बाथरूम खाटेच्या डावीकडे आहे. तुम्ही पडलात उजवीकडे, दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला. आणि तुमच्या अंगाखाली वाचायचा चष्मा सापडला."

त्यांनी चहाचा घोट घेतला.

"बाथरूममध्ये काय वाचता?"

"असते एकेकाची सवय."

आम्ही दोघंही हसलो. पण हसू त्यांच्या चेहऱ्यावर टिकलं नाही. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि खिडकीकडे तोंड वळवलं.

"बाई, दुसरं काहीही विचारा. हे नको. हे बाहेर आलं तर मला इथून जावं लागेल."

४

मंगळवारी मॅनेजरांची भाची आली. ती गावाला गेली होती, खबर लागताच निघाली. तिशीतली, पाठीला संगणकाची पिशवी, डोळ्यांखाली प्रवास.

चादरींच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: 'रहिवाशांनी आत येऊ नये.' एका गृहस्थांनी शर्टला इस्त्री करण्यासाठी संगणकाची पिन काढली होती, तेव्हापासूनची. आत कपाटांच्या मध्ये एक टेबल, पडदा, आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर पासवर्ड.

"मामा, हे काय?"

"मी विसरतो ग."

"घंटेवाला आपल्या जागं होण्याची नोंद ठेवतो का?" मी विचारलं.

"ठेवतो की." तिने चार कळा दाबल्या आणि ओळी उलगडल्या. "हे यंत्र सुरू झालं शनिवारी चार वीसला. आणि घंटेवाला सुरू झाला..." ती थांबली. "रविवारी अकरा त्रेपन्नला."

मॅनेजरांनी पुढे वाकून पाहिलं. "मी आत आलो तेव्हाच?"

"मामा, तुम्ही आत येऊन काय केलंत?"

"काय करणार? पासवर्ड टाकला, आत शिरलो आणि बघितलं."

भाची स्टुलावर बसली. 

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "यंत्र सुरू झालं की प्रोग्राम सुरू, असं मी करायला हवं होतं. मी तो खात्याच्या यादीत ठेवला. म्हणजे कोणी पासवर्ड टाकून खात्यात शिरलं, तरच तो उठतो. नुसती वीज आली, यंत्र जागं झालं, तरी तो झोपलेलाच."

"पण तू चारदा तपासलंस ना!"

"तेच तर. यंत्र बंद केलं, चालू केलं, आणि उठलाय का बघायला चारही वेळा आत शिरले. शिरले म्हणून तो उठला."

मॅनेजरांना समजायला वेळ लागला. मी म्हटलं, "तुम्ही दोन वर्षं दार उघडून बघत होतात, की दार बंद असताना आत दिवा लागतो का. आणि दिवा दारालाच जोडलेला होता."

मला मोकळं वाटलं. सिस्टर सुटली, असं मी मनात म्हटलं. पण भाची अजून ओळी मागे मागे सरकवत होती.

"हे मात्र कळत नाही. दोन वर्षांत याआधी वीज सतरा वेळा गेली. कधी दुपारी आली, कधी रात्री. पण घंटेवाला दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाय. सहाला पाच कमी, सहा, सहा वाजून सात. दर वेळी! म्हणजे सकाळी सहाला कोणीतरी इथे येऊन पासवर्ड टाकत होतं."

"सहाला?" मॅनेजरांचा चेहरा पडला. "सहाला इथे एकच माणूस जागा असतो. सिस्टरची ड्युटी सहाला सुरू होते."

मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, "म्हणजे तिला ठाऊक होतं. रोज तीच चालू करायची. आणि रविवारी केलं नाही."

५

पुरावा कधी कधी असा उलटा फिरतो. ज्या नोंदीने सिस्टरला सोडवायचं, तीच आता तिच्या गळ्याशी आली होती. समितीपुढे ती ठेवली की प्रश्न मिटलाच असता.

पण सकाळी सहाला जागं असणारं माणूस आणखी कोण? मी चहाच्या वेळेपर्यंत बाकावर बसून विचार केला. कोणाला तरी त्या यंत्रात रोज काहीतरी बघायचं होतं. बघायला वाचायचा चष्मा लागत होता. शुक्रवारपासून त्याला तिथवर जाता आलं नव्हतं. रविवारी न राहवून तो दुखऱ्या पायाने निघाला, आणि दारातच पडला. आणि शुक्रवारपासून आम्हाला कोणत्याच गाडीचा पत्ता नव्हता. फोन तर असा, की त्यात वेळेपलीकडे काही दिसत नाही.

मी सरळ सातव्या खोलीत गेले.

"पाटी असूनही आत जात होतात ना?"

कंट्रोलरांनी उशाचा फोन उशीखाली सरकवला.

"इंटरनेटवर नकाशा असतो बाई," ते म्हणाले. "सगळ्या गाड्या ठिपक्यांसारख्या दिसतात. हलताना दिसतात. कोणाला काही सांगायचं नसतं, नुसतं बघायचं. सहाला आमची पाळी बदलायची. सगळं सुरळीत आहे हे बघितल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही."

"मग यात लपवण्यासारखं काय?"

"मुलाला वाटतं मला भ्रम होतो. मी अजून ड्युटीवर आहे असं मला वाटतं, असं त्याने डॉक्टरांना सांगितलं. मी त्याला शब्द दिला होता, गाड्या सोडल्या म्हणून. हे कळलं तर तो मला घरी नेऊन नजरेखाली ठेवेल."

मी त्यांना सगळं सांगितलं. घंटेवाला कशाने उठतो, तेही. ते ऐकता ऐकता ताठ बसले.

"म्हणजे मी गेलो नाही म्हणून भोंगा वाजला नाही?"

"तुम्ही दोन वर्षं आम्हा बावीस जणांना जागं राखत होतात. तुम्हालाच ठाऊक नव्हतं."

"आणि आता सहा वाजताचं माणूस म्हणून त्या पोरीचं नाव घेणार?"

"उद्या चारला."

त्यांनी गळ्यातलं बटण अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, "मला सदरा कोणता शोभेल ते बघा बाई. निळा की पांढरा?"

६

बुधवारी जेवणाच्या खोलीत टेबलं जोडली होती. समितीचे तिघं, मॅनेजर, भाची, कंट्रोलरांचा मुलगा आणि मी. सिस्टर भिंतीशी उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही. हातात घडी केलेला कागद होता. त्यात काय लिहिलंय ते विचारायची गरज नव्हती.

कंट्रोलर चाकाच्या खुर्चीतून आले, निळ्या सदऱ्यात, आणि त्यांनी सगळं सांगितलं. पासवर्डाची चिठ्ठी, नकाशा, सहाची वेळ. कुठेही सारवासारव केली नाही. "यात सिस्टरचा काडीचा संबंध नाही," असं म्हणून ते थांबले.

मुलगा टेबलाकडे बघत होता. "बाबा, मला सांगायचं होतंत."

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

तो प्रामाणिक आहे. थोडा विचार करून म्हणाला, "नेलं असतं."

मग समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "पण हे सगळं तोंडी झालं. घंटेवाला खरंच असा वागतो का?"

मी याचीच वाट बघत होते. आम्ही मुख्य स्विच बंद केला, चालू केला. यंत्र जागं झालं. कोणी हात लावला नाही. जास्तीचं बटण दाबलं. शांतता. मॅनेजर सवयीने उठले. "बघू का, चालू आहे की..."

"बसा!" भाची आणि मी एकदम ओरडलो.

मग ती एकटी आत गेली आणि तिने पासवर्ड टाकला. पुन्हा बटण दाबलं, आणि भोंगा वाजला. समितीतल्या बाईंनी मान डोलावली.

"आता हे कायमचं नीट करते," भाची म्हणाली आणि तिने तिथेच टेबलावर आपला संगणक उघडला. सवयीने ती लिहिता लिहिता बोलत होती. "याला खात्यातून काढलं. आता तो यंत्राचाच नोकर. यंत्र सुरू झालं की सुरू हो. आधी नेटवर्क येऊ दे, मग कान उघड. कोणी आत शिरो न शिरो. आणि काही कारणाने पडलास, तर पाच सेकंदांनी आपला आपण उठ."

"हे शेवटचं माझ्यासाठीही लिही," कंट्रोलर म्हणाले. रविवारपासून पहिल्यांदाच मॅनेजर मोकळेपणाने हसले.

पुन्हा स्विच बंद. पुन्हा चालू. तीन मिनिटं थांबायचं ठरलं. चादरींच्या खोलीला कुलूप घालून किल्ली मी माझ्या मुठीत ठेवली. सगळे एकमेकांकडे बघत बसलो. सिस्टरने तेवढ्यात हातातला कागद समितीच्या टेबलावर ठेवला.

"घंटेवाला नीट होईल," ती म्हणाली. "पण एकदा माझ्यावर संशय घेतलाय. उद्या कोणाला उशीर झाला की पुन्हा माझ्याकडेच बघाल. त्यापेक्षा मी..."

भोंगा वाजला.

तिचं वाक्य तिथेच राहिलं. ती वळली आणि धावली. आपल्या टेबलावरच्या आकड्याकडे एक नजर टाकून बोळातून सातव्या खोलीकडे गेली. सपातांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, मग तिची हाक. "आजोबा? आजोबा!" बाथरूमचं दारही उघडलं. आम्ही कोणीही हललो नव्हतो. कंट्रोलर आमच्यातच बसले होते, बटणावर अंगठा ठेवून.

ती धापा टाकत परत आली. "आजोबा खोलीत नाहीत!" असं म्हणता म्हणता तिला ते दिसले.  मग समितीतल्या बाईंना हसू फुटलं, आणि सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगा उठला. त्याने टेबलावरचा कागद उचलला आणि न उलगडता सिस्टरपुढे धरला. "हा परत घ्या," तो म्हणाला. "मी चुकलो."

तिने कागद घेतला नाही. तिचं लक्ष भलतीकडेच होतं.

"कुठल्या हाताने दाबलंत बटण?" तिने कंट्रोलरांना विचारलं.

त्यांनी चोरट्यासारखा प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला.

"तरी मी म्हणते हाताची झोळी कशी सुटली! किती वेळा सांगितलं, तो हात हलवायचा नाही म्हणून." ती गुडघ्यांवर बसली, गाठ सोडली आणि वर न बघता मुलाला म्हणाली, "नुसते उभे काय राहताय? कोपर धरा यांचं. असं नाही, खालून. घट्ट."

त्याने कागद खिशात कोंबला आणि खालून, घट्ट धरलं.